चालतंय की

तासगावच्या आमच्या शेडवर
बेदाणा निवडायचं मशीन आलं, त्याच्यासोबत फान आला.
हफेइ गावचा, तिशीतला, पायात प्लास्टिकची चप्पल.
चहा नको म्हणायचा, नुसतं गरम पाणी मागायचा.
मी हिशेबनीस. मोबाइलमधलं भाषांतर अडलं
की आमच्यात उरायचे चार हात, एक पाना,
आणि एक शब्द: शिंग.

पट्टा ताणला, शिंग. वायर जोडली, शिंग.
चौगुले अण्णा म्हणाले,
"अरे, ह्याला बैलबाजारात धाडा की कुणीतरी."
पण ते आपलं शिंग नव्हतं.
शेवटी वर चढायचा त्याचा सूर,
अंधारात जिन्याची पहिली पायरी चाचपावी तसा.
विचारायचं तर शिंग, आणि हो म्हणायचं तरी शिंगच.

तिसऱ्या दिवशी उलगडलं.
शिंग म्हणजे चालणं, पायानं.
आणि शिंग म्हणजे, चालतंय की.
मी त्याच्या पाठीवर थापच मारली.
लेका, हे तर आमचंच!
आमच्याकडे सोयरीक चालते, उधारी चालते,
आमटीत मीठ कमी पडलं तरी चालतं,
ज्याला पाय नाहीत ते सगळं चालतं.

रात्री लाइट गेली. वजनकाट्याच्या टेबलावर
धूळ होती, तीत त्यानं बोटानं काढलं:

行

डावीकडे तीन रेघा, उजवीकडे तीन.
हे डावं पाऊल, हे उजवं,
असं त्यांचे पंडित सांगत आले अठराशे वर्षं.
मग औषधाच्या दुकानात
ड्रॅगनची म्हणून कुटून विकायची जुनी हाडं
कुणीतरी कुटण्याआधी वाचली.
हाडावर पाऊल नव्हतंच.
चौक होता. चार वाटा, एकमेकींना छेदून गेलेल्या.

सकाळी तो निवडणाऱ्या बायांकडे बोट दाखवून म्हणाला, हांग.
मी म्हटलं, रांग.
हांग. रांग. हांग.
रुक्साना मुजावर काडी मोडता मोडता म्हणाली,
"दोघं येडे झालेत, गंधक चढला काय?"
टेबलावरचं कालचं अक्षर अजून पुसलं नव्हतं.
फाननं तेच दाखवलं. तेच, फक्त उच्चार दुसरा.
रांग. एका धंद्याची दुकानं एका ओळीत, म्हणून धंदा.
म्हणून पेढी. पुढं चांदी हे अक्षर ठेवलं की बँक.
मला आवडलं ते. मी वहीच्या शेवटच्या पानावर
गिरवलं सहा-सात वेळा. वाकडंच आलं.

शनिवारी चाचणी.
पट्ट्यावरून बेदाणा धावला, वर कॅमेऱ्याचा डोळा,
काळा मणी दिसला की हवेचा फटका, फट्,
काळा मणी खाली.
बेचाळीस बायका हात पुसत बघत होत्या.
कुणीतरी टाळ्यापण वाजवल्या.
अण्णांनी विचारलं, "चालतंय?"
फान म्हणाला, शिंग.
आणि मी,
ज्याला कुणी विचारलंच नव्हतं,
बोलून गेलो, "चालतंय की."

संध्याकाळी हजेरीपत्रकात मी बेचाळीस नावांपुढं
आडवी रेघ ओढली.
पट्टी सरकली, दोनदा ओढावी लागली.
एक उच्चार राहिला होता,
दुसऱ्याला जागा नव्हती.

फान गेला. जाताना त्यानं मला
पान्याचा जुना सेट दिला, त्यातला बाराचा नाही.

परवा स्टँडजवळच्या चौकात रुक्साना दिसली,
सोबत आणखी तिघी, वडापची वाट बघत.
एक कवठेमहांकाळला जाणार, द्राक्षाच्या पॅकिंगला,
एक विट्याला मुलीकडं. बाकीचं नक्की नव्हतं.
"बरं चाललंय ना?" मी विचारलं.
तिनं माझ्याकडं बघितलं. मग रस्त्याकडं.
"चालतंय की," म्हणाली,
शेवट वर न चढवता.

जीप आली, भरली, गेली.
दुसरी आली, तीही गेली.
हाडावरच्या त्या अक्षराचं
फाननं तेव्हा एक सांगितलं होतं,
मी हिशेबात धरलं नव्हतं:
चारी वाटा नीट काढल्यात,
पण मधे माणूस काढलेला नाही.